हा कपडा कोणी शिवला?

या महिन्याच्या बैठकीसाठी अभ्यासपाठ



या महिन्याचा पाठ कपड्यांवर आहे. तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बैठकीत कपड्यांचा काय विषय? पण गटाचं कर्ज रजिस्टर उघडून बघा. 'लग्नकार्य' या कारणासाठी किती कर्ज गेलं आणि त्यातलं कापडावर किती खर्च झालं, याचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त असेल. दुसरं म्हणजे, आपल्यातल्या कितीतरी जणी कापूस वेचायला जातात. म्हणजे कापडाच्या सुरुवातीलाही आपण आहोत आणि शेवटालाही आपणच. मधे काय घडतं ते मात्र आपल्याला कोणी सांगत नाही. ते आज समजून घेऊ. ते समजल्यावर जगात लोकांनी शांतपणे निषेध कसा केला, त्यातून काय मिळालं आणि त्यातलं आपल्या गावात काय करता येईल, हेही पाहू.

१. चंगळवाद म्हणजे काय?

गरजेपुरतं घेणं, हौसेनं घेणं आणि सवय लागली म्हणून घेत राहणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. दिवाळीला मनासारखी साडी घेतली तर तो काही चंगळवाद नव्हे. बाईनं हौस करूच नये असं म्हणणारा हा पाठ नाही. वस्तू वापरायच्या आधीच पडून राहते, जुनी व्हायच्या आधी नवी येते, आणि काय घ्यायचं हे आपल्याऐवजी जाहिरात नाहीतर 'लोक काय म्हणतील' हे ठरवतं, तेव्हा त्याला चंगळवाद म्हणायचं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते. जगातला जास्तीचा माल आपल्या गावातल्या बायका वापरत नाहीत. तो वापरतात श्रीमंत देशांतली आणि मोठ्या शहरांतली माणसं. तुम्ही तर जुन्या लुगड्याची गोधडी शिवता, फाटक्या चादरीचं पायपुसणं करता, जुने कपडे बोहारणीला देऊन भांडं घेता. त्यामुळे हा पाठ तुम्हाला काटकसर शिकवायला नाही. ती तुम्हीच इतरांना शिकवाल. पण जास्तीच्या मालाची किंमत जी माणसं मोजतात, त्यांच्यात आपण नक्की आहोत. म्हणून हा विषय आपला आहे.

२. एका कपड्याचा प्रवास

शेत: एका सुती टी-शर्टला लागणारा कापूस पिकवण्यापासून तो तयार होईपर्यंत सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं, असा अंदाज आहे. यात पावसाचं पाणीही धरलेलं आहे. एका माणसाला रोज ३ लिटर प्यायला धरलं तर हे जवळपास अडीच वर्षांचं पिण्याचं पाणी झालं. मध्य आशियात अरल समुद्र नावाचं प्रचंड मोठं सरोवर होतं. १९६० नंतर त्याला मिळणाऱ्या नद्यांचं पाणी मुख्यतः कापसाच्या शेतीकडे वळवलं, आणि ते बहुतेक सगळं आटलं. जिथं मासेमारी चालायची तिथं आज वाळू आहे.

पाण्याबरोबर औषधाची फवारणी आली. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० पेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं. कापूस स्वस्त आणि भरपूर हवा म्हणून जो ताण येतो, तो असा धुऱ्यापर्यंत येऊन पोचतो.

रंग: तामिळनाडूतल्या तिरुपूर शहरात बनियन, टी-शर्ट असे होजियरीचे कपडे बनतात आणि परदेशी जातात. तिथल्या रंगाई कारखान्यांच्या पाण्यानं नोय्यल नदी इतकी खराब झाली की खालच्या गावांतल्या शेतकऱ्यांना ते पाणी शेतीला घेता येईना. शेतकरी कोर्टात गेले. २०११ साली मद्रास उच्च न्यायालयानं तिथले रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला.

विणाई आणि शिलाई: आपल्याकडच्या बाजारात आणि आहेरात दिसणाऱ्या स्वस्त सिंथेटिक साड्या बहुतेक सुरतेहून येतात. हा धागा शेतातला नाही, तो खनिज तेलापासून बनतो. सुरतेच्या यंत्रमागांवर ओडिशातून, विशेषतः गंजाम जिल्ह्यातून आलेली हजारो माणसं काम करतात. मागांच्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात बारा-बारा तासांची पाळी असते.

शेवट: २००० ते २०१५ या काळात जगातलं कपड्यांचं उत्पादन जवळपास दुप्पट झालं. माणसं तर दुप्पट झाली नाहीत. मग हे कपडे गेले कुठे? आफ्रिकेत घाना देशाच्या राजधानीत कांतामांतो नावाचा जुन्या कपड्यांचा बाजार आहे. तिथं दर आठवड्याला सुमारे दीड कोटी जुने कपडे येतात, असा तिथल्या अभ्यासकांचा अंदाज आहे. गाठोड्यातला जो माल विकत नाही तो गटारात, समुद्रकिनाऱ्यावर जाऊन पडतो. दक्षिण अमेरिकेत चिली देशाच्या अटाकामा वाळवंटात तर टाकून दिलेल्या कपड्यांचे ढीग लागले आहेत.

३. २४ एप्रिल २०१३

आता या प्रवासातली सगळ्यात दुःखाची गोष्ट. बांगलादेशची राजधानी ढाका, तिच्याजवळ सावर इथं राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती. वरचे काही मजले परवानगी न घेताच चढवलेले होते. इमारतीत पाच कपडे शिवणारे कारखाने होते आणि खाली बँक आणि दुकानं होती. २३ एप्रिलला भिंतींना मोठे तडे गेलेले दिसले. बँक आणि दुकानं बंद झाली. शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी परत कामावर बोलावलं. आला नाहीत तर पगार मिळणार नाही अशी धमकी दिल्याचं वाचलेल्या कामगारांनी पुढे सांगितलं. सकाळी नऊच्या सुमारास इमारत कोसळली. १,१३४ माणसं गेली आणि अडीच हजारांच्या आसपास जखमी झाली. मेलेल्यांत निम्म्याहून जास्त बायका होत्या.

त्या वेळी बांगलादेशात शिलाई कामगाराचं किमान वेतन महिन्याला ३,००० टाका होतं. इतक्या कमी पगारावर शिवलेले कपडे युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांत जात होते. ढिगाऱ्यात त्या त्या कंपन्यांची लेबलं सापडली, तेव्हाच कुठे कळलं की कोणाचा माल तिथं शिवला जात होता.

इथं थोडं थांबून विचार करा. तडे सगळ्यांना दिसत होते. मग बँकेच्या माणसांना घरी पाठवलं आणि या बायकांना का आत पाठवलं? कारण ऑर्डरची तारीख जवळ आली होती. दुकानात दर काही आठवड्यांनी नवा माल लागतो, तोही स्वस्त. त्या घाईचा भार शेवटी शिलाई मशीनवर बसलेल्या बाईवर येतो.

४. लोकांनी निषेध कसा केला?

पहिला मार्ग: न घेणं. १९९२ साली कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरातल्या टेड डेव्ह नावाच्या कलाकारानं 'काहीही विकत न घेण्याचा दिवस' सुरू केला. पुढे तो दिवस नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी पाळायचं ठरलं, कारण त्याच दिवशी अमेरिकेत वर्षातला सगळ्यात मोठा सेल लागतो. आपल्याकडं दसरा-दिवाळीला लागतात तसाच. त्या दिवशी काही लोक बाजारात कात्री घेऊन उभे राहतात आणि ज्याला हवं त्याचं क्रेडिट कार्ड फुकट कापून देतात. काही जण मोठ्या दुकानात रिकाम्या ढकलगाड्या घेऊन एका रांगेत गुपचूप फिरतात आणि काही न घेता बाहेर पडतात. कोणाला शिवी नाही की काचेवर दगड नाही. ऱ्होड आयलंड राज्यात याच दिवशी लोक आपले जास्तीचे गरम कोट आणून ठेवतात आणि ज्याला गरज असेल तो घेऊन जातो.

आपल्याला हा मार्ग नवा नाही. १९३० च्या सविनय कायदेभंगात गांधीजींनी विदेशी कापडाच्या आणि दारूच्या दुकानांसमोर निदर्शनं करायचं काम खास करून बायकांवर सोपवलं होतं. त्याच वर्षी १२ डिसेंबरला मुंबईत विदेशी कापडाचा ट्रक अडवताना पुणे जिल्ह्यातल्या महाळुंगे पडवळ गावचा गिरणी कामगार बाबू गेनू त्या ट्रकखाली शहीद झाला. तो लढा परक्या राज्याविरुद्ध होता आणि आजचा प्रश्न वेगळा आहे. पण 'मी हे घेणार नाही, आणि का घेणार नाही ते उघड सांगणार' ही रीत तीच.

दुसरा मार्ग: विचारणं. राणा प्लाझाला एक वर्ष झालं त्या दिवशी, २४ एप्रिल २०१४ ला, इंग्लंडमध्ये कॅरी सोमर्स आणि ओर्सोला द कास्ट्रो या दोघींनी एक मोहीम सुरू केली. लोकांनी आपला कपडा उलटा घालायचा, म्हणजे आतलं लेबल बाहेर दिसेल. तसा फोटो काढायचा आणि कंपनीला जाहीरपणे विचारायचं: माझे कपडे कोणी शिवले? पुढे हा प्रश्न अनेक देशांत विचारला गेला. कारखान्यांची नावं तोपर्यंत गुपित ठेवली जात होती. लोकांच्या रेट्यामुळे अनेक कंपन्या ती यादी जाहीर करू लागल्या.

तिसरा मार्ग: लिहून घेणं. मे २०१३ मध्ये कामगार संघटना आणि कपडे कंपन्या यांच्यात बांगलादेशातल्या कारखान्यांच्या सुरक्षेचा करार झाला. २०० हून जास्त कंपन्यांनी त्यावर सह्या केल्या. हा नुसता शब्द नव्हता, कायद्यानं बांधणारा करार होता. स्वतंत्र इंजिनियर येऊन इमारती तपासू लागले आणि धोका दिसला तर कामगाराला काम नाकारायचा हक्क मिळाला. राणा प्लाझाच्या पीडितांसाठी ठरवलेला ३ कोटी डॉलरचा भरपाई निधी पूर्ण व्हायला जून २०१५ उजाडलं. तोपर्यंत कामगार आणि ग्राहक मागे लागून राहिले. किमान वेतनही वाढत गेलं. २०१३ च्या शेवटी ५,३०० टाका, नंतर ८,००० आणि २०२३ मध्ये १२,५००. महागाईच्या मानानं ते अजूनही कमीच आहे आणि कामगार अजूनही मागत आहेत. पण प्रत्येक वाढीमागे रस्त्यावर उतरलेल्या बायका आहेत.

आपल्या देशातलंही एक उदाहरण लक्षात ठेवा. तामिळनाडूतल्या दिंडीगुल भागात २०२१ च्या सुरुवातीला कापड कारखान्यातल्या एका तरुण कामगार मुलीचा खून झाला. तिथल्या बायकांनी चालवलेल्या कामगार संघटनेनं वर्षभर पाठपुरावा केला. एप्रिल २०२२ मध्ये कारखान्याच्या मालक कंपनीबरोबर करार झाला. त्यानुसार कामाच्या जागी बाईला त्रास होऊ नये यासाठी कामगार बायकांनाच प्रशिक्षण देऊन लक्ष ठेवायचं काम दिलं.

५. 'आपण घेतलं नाही तर त्या बायकांच्या पोटाचं काय?'

हा प्रश्न बैठकीत नक्की येईल, आणि तो यायलाच हवा. खुद्द बांगलादेशातल्या कामगार संघटनांनी जगाला काय सांगितलं? आमच्या देशाचा मालच बंद करू नका, आमचं काम जाईल. आमचा कारखाना सुरक्षित करा आणि पगार वाढवा. म्हणून शहाण्या निषेधात दोन गोष्टी बरोबर चालतात. ज्यांच्याकडे गरजेपेक्षा जास्त आहे त्यांनी कमी घ्यायचं, आणि जे घेतो त्याच्या मागे असलेल्या माणसाला पुरेशी मजुरी मिळावी म्हणून आवाज उठवायचा. नुसतं न घेतल्यानं घरातला पैसा वाचतो. पण शिवणाऱ्या बाईपर्यंत काही पोचायचं असेल तर न घेण्याबरोबर बोलावंही लागतं.

हेच आपल्या गटातही लागू आहे. आपल्यातल्या काही ताई घरून साड्या विकतात. त्यांनी हा पाठ वाचून नाराज होऊ नये. फॉल-पिको, ब्लाऊज शिवणं, जुन्या साडीचा ड्रेस किंवा पिशवी करणं, गोधडी शिवणं ही सगळी कामं कपडा जास्त दिवस टिकवण्याची आहेत. त्यातली मजुरी गावातच राहते. दहा स्वस्त साड्यांऐवजी एक टिकाऊ विकली तरी विकणाऱ्या ताईचा तोटा होईलच असं नाही. हा हिशोब त्यांच्याबरोबर बसूनच करा, त्यांना वगळून नको.

६. आपल्या गावातली गोष्ट: मानपानाच्या साड्या

आता आपल्याकडं या. लग्नात आहेराच्या साड्या किती लागतात? चुलत्या, माम्या, आत्या, व्याह्यांकडच्या बायका, शेजारणी. साडी मनापासून कोणी घेत नाही आणि मनापासून कोणी देत नाही. घेणारी घडी न मोडता पेटीत ठेवते आणि पुढच्या लग्नात तीच दुसरीला देते. ब्लाऊज पीसचं तर विचारूच नका, एकेक पीस दहा घरं फिरून येतो. पण 'मान राखला नाही' हे ऐकायला नको म्हणून सगळ्या जणी घेत राहतात.

एक नमुना हिशोब मांडू. तुमच्या गावचे आकडे घालून तो परत करा.

४० साड्या, प्रत्येकी ३५० रुपये: १४,००० रुपये.
गटाचं कर्ज, दरमहा २ टक्के, १२ महिने सारखं मुद्दल फेडलं तर व्याज: १,८२० रुपये.
एकूण: १५,८२० रुपये.

दिवसाला २५० रुपये मजुरी धरली तर ही ६३ दिवसांची मजुरी झाली, तीही अशा साड्यांसाठी ज्या कोणी नेसणार नाही. एक घर एकट्यानं हे थांबवू शकत नाही, कारण त्याच घराला नावं ठेवली जातील. पण ग्रामसंघानं मिळून ठरवलं तर नावं कोण ठेवणार? एकटीनं केलं तर त्याला लोक कंजूषपणा म्हणतात. सगळ्यांनी ठरवून, कारण सांगून, उघडपणे केलं की तोच निषेध होतो.

ओटीची साडी, नवरीची साडी, माहेरची साडी याला हात लावायचं कारण नाही. त्यात माया आहे. प्रश्न आहे तो फक्त उरकायला म्हणून दिल्या-घेतल्या जाणाऱ्या गठ्ठ्याचा.

७. शांततेचे पाच नियम

एक. कोणाच्या घरचं कार्य सुरू असताना तिथं जाऊन बोलायचं नाही. आधी बोलायचं, बसून बोलायचं.
दोन. ज्यांनी आहेर केला त्यांची नावं घेऊन टिंगल करायची नाही. मुलीकडची बाजू आधीच दबलेली असते, हे विसरायचं नाही.
तीन. सक्ती नाही, दंड नाही. जी तयार असेल तिच्यापासून सुरुवात.
चार. कपडा जाळायचा नाही, फेकायचा नाही. तो कोणीतरी विणलेला आहे.
पाच. पुरुषांना, सासूबाईंना आणि गावातल्या दुकानदारालाही चर्चेत बोलवायचं. त्यांच्या पाठीमागे घेतलेला निर्णय टिकत नाही.

८. बैठकीत हा पाठ कसा घ्यायचा?

बैठक संपायच्या आधी ४० मिनिटं ठेवा. सचिव ताईंनी किंवा सीआरपी ताईंनी भाग २ आणि ३ मोठ्यानं वाचावा. मग प्रत्येकीनं आपल्या पदराचं किंवा मुलाच्या शर्टाचं लेबल बघावं. कुठं बनलं ते लिहिलं आहे का? कोणी बनवलं ते लिहिलं आहे का? नंतर वरचा नमुना हिशोब गावच्या आकड्यांनी फळ्यावर मांडा. पटलं तर ग्रामसंघाच्या सभेत हा ठराव ठेवता येईल. शब्द तुमच्या सोयीनं बदला:

"आमच्या ग्रामसंघातील सभासद कुटुंबे यापुढे लग्नकार्यात मानपानाच्या साड्या व ब्लाऊज पीस देणार नाहीत व स्वीकारणार नाहीत. ओटीची व जवळच्या नात्यातील साडी यास अपवाद राहील. आहेर करायचाच असल्यास तो वधूच्या नावे बचत म्हणून किंवा उपयोगी वस्तूच्या रूपात करावा. हा ठराव ऐच्छिक असून कोणावरही सक्ती केली जाणार नाही."

ठराव झाला तर तो इतिवृत्तात लिहा आणि एक प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. लग्नसराई सुरू व्हायच्या आधी लावा, म्हणजे घराघरात वेळेवर बोलणं होईल. वर्षानं कर्ज रजिस्टर परत उघडा आणि लग्नाच्या कर्जात फरक पडला का ते बघा.

चर्चेचे प्रश्न

१. तुमच्या पेटीत घडी न मोडलेल्या किती साड्या आहेत? त्या कोणी दिल्या ते आठवतं का?
२. कापूस वेचणीचा किलोमागचा दर आणि दुकानातल्या सुती साडीची किंमत, यांची तुलना करा. मधला पैसा कोणाकोणाकडे जातो?
३. राणा प्लाझाच्या बायकांना आत जायला 'नाही' म्हणता आलं नाही. तुमच्या कामात धोका दिसला तर 'नाही' म्हणता येतं का? एकटीला येत नसेल तर गट म्हणून येईल का?
४. साड्या विकणाऱ्या ताईंचं नुकसान न होता हा ठराव कसा राबवता येईल?

तुमच्या बैठकीत काय ठरलं ते सीआरपी ताईंकडे लिहून द्या. ठराव मंजूर झाला नाही तरी का झाला नाही ते जरूर कळवा. ती कारणं पुढच्या पाठात घेऊ, म्हणजे दुसऱ्या गावांना त्याचा उपयोग होईल.

तुमची,
क्षेत्र समन्वयक